साडेचार फूट कोरडी माती

अब्राहाम पातारेने खणलेल्या कबरीची कड कधी ढासळली नाही. हे वाक्य मी जपून लिहितो, कारण मीही आयुष्यभर मातीच खणली. नऊ वर्षं कोकणात खाडीच्या बांधांवर, पुढे नागापूरला कारखान्यांत मशिनींचे पाये खणायला. इतक्या वर्षांत सरळ कड घेणारी माणसं चार-पाच पाहिली. अब्राहाम त्यांतला एक.

आमचं करंजगव्हाण कालव्याच्या खालच्या अंगाला आहे. ख्रिस्ती घरं चाळीसेक. अब्राहाम पोटासाठी विहिरी खोदायचा. कबरीचं काम पोटाचं नव्हतं. मंडळीतलं कुणी गेलं की घरचे आधी पाळकसाहेबांकडे जायचे, मग अब्राहामकडे. चहापलीकडे त्याने कुणाकडून काही घेतलं नाही.

त्याच्याकडे बोरीची एक काठी होती. तिच्यावर तीन खाचा. दोन फुटांवर पहिली, तिथे काळी माती संपते. साडेतीनवर दुसरी, तिथपर्यंत पांढरी चिकण लागते. साडेचारवर तिसरी. तिथे मुरूम लागतो, तोच कबरीचा तळ. खोदताना तो कडेला हात लावायचा नाही. शेवटी फावड्याच्या धारेने वरून खाली एकदाच तासायचा. "कड दोनदा तासली की रुसती," म्हणायचा. एक माणूस, एक कबर, सात तास. मदतीला आलेल्या पोरांना तो फक्त घमेली उचलू द्यायचा.

तळ झाला की खडे मीठ. ही आमच्याकडची जुनी रीत. अर्धं पोतं तळाला, उरलेलं पेटीवर. त्याने शरीर लवकर मातीत मिळतं म्हणतात. पोतं घरचे आणायचे, पसरायचा अब्राहाम. वाफा करावा तसं मीठ हाताने सारखं करायचा.

१९९८ साली त्याची मुलगी आराधना काविळीने गेली. नऊ वर्षांची होती. लोक म्हणाले, ही कबर तरी दुसऱ्याला खणू दे. त्याने ऐकलं नाही. ओढ्याकडच्या खालच्या कोपऱ्यात लिंबाखाली त्याने ती खणली. त्या दिवशी साडेचार फुटांवर कोरडा मुरूम होता. मी तिथे होतो. मूठभर मुरूम उचलून त्याने चोळला आणि फुंकला, तेव्हा धूळ उडाली होती.

रतनबाई, त्याची बायको, त्या कबरीवर दरवर्षी शेवंती लावायची.

पुढच्या वीस वर्षांत कालव्याखालची सगळी रानं उसाची झाली. कालव्याला पाण्याचं आवर्तन आलं की माणसं रानात पाणी सोडून झोपायला जायची. दुसऱ्याला दोष देत नाही, माझ्या दीड एकरातही तेच झालं. पाणी जिरत गेलं आणि खालून वर येत गेलं. येताना जमिनीतलं मीठ घेऊन आलं.

कबरस्थान सगळ्यात सखल, म्हणून तिथे ते आधी दिसलं. आधी शेवंती गेली. मग लिंबाचा शेंडा वाळला, पुढच्या वर्षी अर्धा लिंब. हराळी मरणार नाही असं वाटलं होतं, तीही लाल पडून गेली. लव्हाळा आला. उन्हाळ्यात मातीवर पांढरी पापडी धरू लागली आणि चपलेखाली कुरकुरू लागली. शेवटी आली खरडी. जमिनीलगत पसरणारं, वीतभर उंचीचं, राखाडी पानांचं रोप. सकाळी पानांवर ओल असते, चाटली तर खारट लागते.

खरडी माझ्या ओळखीची होती. कोकणात भरतीचं पाणी जिथे येऊन जातं त्या खाजणात ती मी रोज तुडवली होती. दुसरं काही जगत नाही अशा मातीत ती जगते. समुद्र आमच्यापासून एसटीच्या एका दिवसाच्या वाटेवर. तिला इथे पाहून मला बरं वाटलं नाही.

रतनबाई कबरीशी बसलेली होती. मी विचारलं, "वहिनी, हे उपटून टाकू का?"

"राहू द्या भावजी. शेवंती लावून लावून हात मोडले. ही न लावता आलीय. पोरीच्या उशाला कायतरी हिरवं हाय."

ते हिरवं नव्हतं, राखाडी होतं.

२०२१ च्या ऑगस्टात मुक्ताबाई गेली, मंडळीतली सगळ्यात जुनी बाई. अब्राहामने पहाटे खणायला घेतलं. तीन फुटांवर पाणी लागलं. दोन माणसं बादल्यांनी उपसत राहिली. प्रार्थना सुरू झाली तेव्हा उपसणं थांबवावं लागलं. गीत संपेपर्यंत कबर अर्धी भरली होती. पेटी उतरवली, ती तरंगली. एका टोकाने खाली जायची, दुसऱ्या टोकाने वर यायची. मुक्ताबाईच्या नातवांनी बांबूने दाबून धरली आणि अब्राहामने पेटीवर दगड ठेवले. पेटीवर मीठ टाकलं ते पाण्यातच गेलं. बायकांनी तोंडं फिरवली. रतनबाईने फिरवलं नाही. ती शेवटपर्यंत बघत होती.

तिची किडनी तेव्हाच गेलेली होती. आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिस. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. ती अळणी भाकरी मोडत म्हणाली,

"मला आराधनाजवळ ठेवा. आन असं पाण्यात ढकलू नका. कोरडं पायजे."

"व्हय," अब्राहाम म्हणाला.

"नुसतं व्हय नको. तुमी मला परसात न्हाणी बांदतो म्हनून बारा वर्सं व्हय म्हनत हुते."

"बांदली का न्हाई शेवटी?"

"बांदली. आपल्या एडविनच्या लग्नाला."

तो हसला. पण 'व्हय' त्याने मनावर घेतलं होतं. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. बायकोसाठी पोरीशेजारी साडेचार फूट कोरडी माती.

कबरस्थानाला लागून काकासाहेबाचा ऊस. काकासाहेब वाईट माणूस नाही, जीभ वाईट. त्याचाही ऊस बांधाकडेला गुडघ्याएवढा राहू लागला होता. एकदा चावडीपुढे सगळ्यांसमोर तो अब्राहामला म्हणाला,

"तुमी एकेका मढ्यामागं मिठाचं पोतं वतता. कोन वततंय? तूच की. माझं रान तुझ्या हातानं नासलं, आब्राम."

लोक हसले. अब्राहाम हसला नाही. चार दिवस तो घरातून निघाला नाही. रतनबाईने मला बोलावून घेतलं. तो खाटेवर बसून बोटं मोडत होता.

"वाल्मिका, मी दोनशेच्या वर पोती वतली असतील. आराधनाच्या खड्ड्यात बी मीच वतलं. म्हंजी हे पानी मीच खारं केलं."

मी त्याला उठवलं आणि काकासाहेबाच्या पलीकडच्या रानात नेलं, कबरस्थानापासून अर्ध्या मैलावर. तिथे कधी कुणाला पुरलं नव्हतं. तिथेही पापडी होती, तिथेही खरडी. पापडी उचलून त्याच्या हातावर ठेवली.

"इथं कुनाचं मढं हाय, सांग."

तो वाकून खरडीची पानं बघत राहिला. मग म्हणाला, "मग हे निगंल कसं?"

इथे माझी चूक झाली. चूक लहान होती, बोलण्यातली. मी त्याला कोकणातलं सांगितलं. तिकडे खाडीला नवा बांध घातला की आतली जमीन खारी असते. बांधाच्या आत पावसाचं गोडं पाणी साचू देतात, ते मीठ विरघळवून घेतं. दोन-तीन पावसाळ्यांत त्या जमिनीत भात होतो. एवढं मी सांगितलं. बांधात लाकडी दाराची उघाडी असते, ओहोटीला ती उघडते आणि खारं पाणी बाहेर जातं, हे मी सांगितलं नाही. माझ्यासाठी ते इतकं रोजचं होतं की सांगायचं सुचलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी मुलीकडे पाथर्डीला गेलो, तिच्या बाळंतपणासाठी. तीन महिने राहिलो. परतलो तर खालच्या कोपऱ्याला गुडघाभर मातीचा बांध होता आणि आत पाणी. सगळी कड चोपून काढलेली, एक ठिपूस बाहेर जात नव्हता. काम उत्तम होतं. दर आवर्तनाला त्याने कालव्याचं गोडं पाणी पाटाने आत घेतलं होतं. चार वेळा. पाण्याच्या मधोमध आराधनाची कबर एका अंगाला खचली होती आणि सिमेंटचा क्रूस वाकला होता.

तो बांधावर उभा होता. मला पाहून म्हणाला, "तू म्हनला तसं केलं. मीठ धुतंय ना?"

मी त्याला उघाडीचं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. तो ऐकत होता आणि क्रूसाकडे बघत होता. मग त्याने फावडं घेतलं आणि स्वतः चोपलेला बांध फोडला. पाणी काकासाहेबाच्या उसात गेलं. त्यावरून काकासाहेबाने ज्या शिव्या दिल्या त्या लिहीत नाही. अब्राहामने सगळ्या ऐकून घेतल्या आणि मग विचारलं,

"काकासाहेब, तुमच्या बांदाच्या कडंनं वढ्यापतुर चर खनू का? पानी खालून काढायचंय."

"येड लागलं का?"

"तुमचं बी पानी निघंल त्यातनं."

काकासाहेबाने उसाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मशीन आनायचं न्हाई. ऊस उभा हाय, तुडवील. तुटून गेल्यावर आन, मार्च-एप्रिलात."

"तवर थांबता यायचं न्हाई."

"का?"

"घरची मंडळी आजारी हाय."

काकासाहेबाने मान खाली घातली. "खन मग. हातानं खन. पन वर बुजवून घे, माझी म्हस पडंल."

ओढा तीनशे दहा फुटांवर. पाण्याच्या नळीने आम्ही लेव्हल घेतली. कोपऱ्याशी पाच फूट खोल गेलं तर ओढ्यापर्यंत पुरेसा उतार मिळत होता. असा चर खालून वर खणतात, ओढ्याकडून सुरुवात. वरून खणलं तर खोदणारा स्वतःच्या पाण्यात उभा राहतो. खालून खणण्यात एकच वाईट आहे. शेवटचे दहा फूट होईपर्यंत ज्या जागेसाठी खणायचं तिला काहीच फरक पडत नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरात, चौदा तारखेला त्याने सुरू केलं. वय एकाहत्तर. दिवसाला सहा फूट लांब, दोन फूट रुंद. आठवड्यातले दोन दिवस नगरच्या दवाखान्यात, रविवारी देऊळ, म्हणजे आमचं चर्च. उरलेले चार दिवस चर. तळाला हातभर दगड, त्यावर मुरूम, मग माती. मी दोन तास माती ओढायचो, त्याहून जास्त कंबर ऐकत नव्हती. तो सात तास खणायचा. दगड आम्ही माळावरून हातगाड्याने आणत होतो. एका सकाळी चराच्या तोंडाशी दगडांची अख्खी ट्रॉली रिकामी केलेली दिसली. काकासाहेबाला विचारलं तर म्हणाला, "मला काय म्हाईत? उंदरांनी आनली असंल."

डायलिसिसहून आली की रतनबाई विचारायची, "किती झालं?"

"शंभर."

"अजून दोनशे. म्हंजी मला तवर बसून ऱ्हावं लागंल."

"बस की. काय घाई हाय?"

जानेवारीच्या मधे तिचं अंग सुजलं. पाय खांबासारखे झाले. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. अब्राहाम तो खड्डा भरून यायची वाट बघत तिच्या पायाशी बसायचा. मग उठून चरावर जायचा. त्या पंधरवड्यात त्याने एकाही दिवशी सहा फुटांचे सात केले नाहीत. सातव्या फुटाला कड बिघडते, हे त्याला माहीत होतं.

तीस जानेवारीला सकाळी साडेआठला ती गेली. सेहेचाळीस फूट राहिले होते.

मुलगा एडविन नागापूरहून आला. पाळकसाहेब आले. मंडळीने वर्षापूर्वीच माळावर नवी जागा घेतली होती, पण तिथे अजून कुणाला ठेवलं नव्हतं. पहिलं आपलं माणूस एकटं तिथे ठेवायला कुणी तयार होत नव्हतं.

एडविन म्हणाला, "दादा, माळावर नेऊ. मशीन बोलवतो."

अब्राहाम पहार घेऊन खालच्या कोपऱ्यात गेला. मी मागे गेलो. आराधनाच्या शेजारी त्याने पहार ठोकली, ओढली आणि भोकात काठी सोडली. काठी पहिल्या खाचेच्या वर चार बोटं ओली झाली. म्हणजे दोन फुटांच्या आत पाणी. तो काठी धरून उभा राहिला. मग माझ्याकडे वळला.

"वाल्मिका, तू हुता त्या दिवशी वट्यावर. तिनं कोरडं आदी म्हटलं का पोरीजवळ आदी?"

तिने पोरीजवळ आधी म्हटलं होतं. मला शब्द न् शब्द आठवत होता. पण मुक्ताबाईची पेटीही आठवत होती, आणि ते दगड.

"कोरडं आदी," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

माळावरची कबर त्याने स्वतः खणली. निव्वळ मुरूम, पहार मारली की ठिणगी उडायची. एडविन आणि दोन पोरं लागली, तरी नऊ तास गेले. दुसऱ्या दिवशी माती झाली. कुणीतरी सवयीने मिठाचं पोतं आणलं होतं. अब्राहामने ते हाताने बाजूला सारलं. "तिला बंद हाय," म्हणाला. पाळकसाहेबांनी माती टाकायला सांगितलं तेव्हा पेटीवर कोरड्या मुरमाचा आवाज झाला. आमच्या गावात तो आवाज बऱ्याच वर्षांनी ऐकू आला. लहान पोरं दचकली.

मला वाटलं, चर आता राहिला. सहाव्या दिवशी सकाळी मी ओढ्याकडे गेलो तर टिकावाचा आवाज येत होता.

"आता कशाला, भाऊ?"

"पोरगी हाय की तिथं."

सेहेचाळीस फुटांना त्याला तीन आठवडे लागले. आधी दोन लागले असते. कोपऱ्याशी शेवटची माती काढली तेव्हा काळं पाणी दगडांतून सरकू लागलं, करंगळीएवढी धार. ती अजून वाहते. ओढ्याच्या तोंडाशी जिथे पडते तिथे पांढरा थर बसला आहे आणि भोवती खरडी दाट माजली आहे. कबरस्थानात ती विरळ झाली. गेल्या पावसाळ्यात एका जागी हराळीची दोन पेरं दिसली. अब्राहामने मला बोटाने दाखवली, हात लावू दिला नाही.

पण पाणी उतरायला वेळ लागतो. वीस वर्षांत भरलेलं ते. भोवतीच्या रानांना पाणी सोडणं कुणी थांबवलेलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो आराधनाशेजारी भोक पाडून काठी टाकतो. आम्ही क्रूस सरळ केला, तो पुन्हा थोडा कलला आहे.

माळावर आता आणखी तीन कबरी झाल्या. एडविनने बापासाठी रतनबाईशेजारी जागा राखून ठेवली होती, दगड लावून. गेल्या डिसेंबरात अब्राहामने तो दगड काढून दुसऱ्याला जागा दिली. एडविन चिडला, मला घेऊन आला, समजवा म्हणून.

मी म्हटलं, "भाऊ, वहिनी एकटी पडंल."

"ती कोरडी हाय," तो म्हणाला. "तिनं कोरडं आदी म्हटलं हुतं. तूच म्हनला. पोरीजवळ कुनीतरी पायजे. मी खाली."

मला तेव्हा खरं सांगता आलं असतं. एडविन तिथेच होता. मी सांगितलं नाही. सांगून रतनबाईला खाली आणता आलं नसतं, आणि तिचं म्हणणं पाळलं एवढं समाधानही त्याच्याकडून गेलं असतं.

मग त्याने आत जाऊन काठी आणली आणि माझ्या हातात दिली.

"आता मापायचं तू. माझं वाकनं व्हत न्हाई. आन माझा खड्डा पोरांना दिऊ नको. कड दोनदा तासायची न्हाई. मीठ न्हाई."

"पानी लागलं तर?"

"तर उपसायचं."

या महिन्यात मी मोजलं. काठी तीन फूट दोन बोटांवर ओली झाली. परत आलो तर तो खाटेवरून विचारत होता, किती. मी खरं सांगितलं. त्याने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, अजून दीड फूट. मग भिंतीकडे तोंड करून झोपला.